यंत्राला सूप लागत नाही

तारानगरी, मॉस्कोजवळ
५ फेब्रुवारी

ती. बाबांना सूनबाईचा सा. न. वि. वि.

मी इथे ठीक आहे आणि तुमचा मुलगा साडेतीनशे किलोमीटर वर ठीक आहे. दोन महिने झाले, तरी वाक्याचा हा दुसरा भाग लिहायची सवय होत नाही. काल रविवार, म्हणून आम्हा घरच्यांना नियंत्रण केंद्रात नेलं होतं. नऊ मिनिटं बोलणं झालं, पडद्यावर तोंडही दिसलं. दर वेळी ग्लेब आधी माझ्या मागच्या खुर्चीकडे बघतो. बाबा आलेत का, असं विचारत नाही. बघतो आणि मग माझ्याशी बोलायला लागतो.

सगळ्यांचे वडील येतात हो. त्याच्या कमांडरचे वडील चार दिवस आगगाडीत बसून सायबेरियातून आले आणि नऊ मिनिटं नुसते रडले. तुम्हाला कलुगाहून यायला तीन तास लागतात. तुमचं भांडण मला तोंडपाठ आहे. तुम्ही जन्मभर माणसाशिवाय चालणारी यंत्रं केलीत, आणि तुमचा एकुलता एक मुलगा नेमका माणसं ठेवायच्या अंतराळ स्टेशनावर राहायला गेला. ऑगस्टमध्ये तो उतरेल तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि काय ते भांडा. मी बशा आधीच उचलून ठेवीन.

पोटात दुखतं म्हणाला होतात. डॉक्टरांना दाखवलंत, की त्यांच्याशीही वाजलं?

तुमचा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. तो एकदा गाडीत बसवून इकडे आणावा, ही विनंती.

तुमची
ताइसिया


कलुगा
१२ फेब्रुवारी

चि. सौ. ताइसियास नास्तिक सासऱ्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येत नाही. आता कारण ऐक.

आठ वर्षांपूर्वी आमचं यंत्र चंद्रावर उतरलं, मूठभर माती उचलली आणि परत आलं. वाटेत त्याने सूप मागितलं नाही, टॉवेल मागितला नाही, रविवारी बायको दाखवा म्हणालं नाही. तुझ्या नवऱ्याला वर ठेवायला मात्र मालवाहू यानं भरभरून जातात. त्यांत काय असतं? हवा, पाणी, डबे, बनियनी आणि एक गिटार. माणूस वर गेला की त्याचा अर्धा दिवस स्वतःला जिवंत ठेवण्यात जातो. उरलेल्या अर्ध्यात तो जे दुरुस्त करतो, तेही त्याला जिवंत ठेवणारंच सामान असतं. तेवढ्या खर्चात आम्ही शुक्रावर यंत्रांची रांग लावली असती. हे मी मंत्रालयात बोललो, त्याच्या लग्नात बोललो आणि तो उडायच्या आदल्या दिवशीही बोललो. तेव्हा तो म्हणाला की, बाबा, निदान आज तरी गप्प बसा. तेव्हापासून मी गप्प बसलो आहे.

डॉक्टरांना दाखवलं. आपल्याकडे असला आजार रोग्याला सांगत नाहीत, तशी पद्धतच आहे. पण त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागद होता आणि मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांवरचे आराखडे उलटे वाचले आहेत. स्वादुपिंडात गाठ आहे. कापायची वेळ टळून गेली. मी वाचलं हे कळल्यावर बाई लाल झाल्या आणि जूनमधला उन्हाळा बघाल म्हणाल्या. मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे, आकडा सांगा. तेव्हा त्या एप्रिलवर आल्या. फार तर मे.

ग्लेबला कळवायचं नाही. उडण्याआधी त्यांच्याकडून कागद भरून घेतात ना, घरी काही वाईट घडलं तर कळवावं की नाही म्हणून? त्याने 'कळवू नये' असं लिहिलंय, तूच सांगितलं होतंस. यंत्राकडून असला कागद घ्यावा लागत नाही. माझं सगळं म्हणणं त्या एका कागदात आलं.

कळावे. लोभ आहे तसा, तुसडा, चालवून घ्यावा.

रोदिओन जाखारोविच


तारानगरी
१८ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी एक बशी फोडली, मग रडले, मग कोट चढवून डॉक्टर लुक्यानोवांकडे गेले. वरच्या माणसांची मनं सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. ते सज्जन आहेत, म्हणून त्यांच्याशी भांडताही येईना.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही कळलेली बरी. स्टेशनाचा एक सौरपंख उघडलेलाच नाही. वीज निम्मी आहे, आत इतकी थंडी की दोघे टोप्या घालून झोपतात. लागणारी हत्यारं घेऊन एप्रिलच्या सुरुवातीला मालवाहू यान जाईल आणि दहा तारखेला ग्लेबला बाहेर पडून तो पंख हाताने उघडायचा आहे. कमांडरचा खांदा दुखावलाय, त्यामुळे दुसरं कोणी नाही. पंख उघडला नाही तर स्टेशन रिकामं करून दोघांना खाली आणणार. बाहेर पोकळीत लटकणाऱ्या माणसाच्या डोक्यात बापाचं मरण घालायचं का, असं लुक्यानोवांनी मला विचारलं.

पण ऑगस्टमध्ये ग्लेब विचारेल की, दर रविवारी माझ्यासमोर बसून हसत होतीस ना? तेव्हा मी त्याला काय सांगू? बाबा, मला फार भीती वाटते आहे. त्याचीही आणि तुमचीही.

सांगू नका, मीही नाही सांगत. पण या. त्याला एकदा तुमचं तोंड बघू द्या. नंतर ते मला कुठून दाखवता येणार?

तुमच्या लोभावर आजवर फार मागणी केली नाही, आज करते आहे.

ताइसिया


कलुगा
२३ फेब्रुवारी

चि. सौ. ताइसियास आशीर्वाद.

४ मार्चच्या रविवारी येतो. कोटाची कॉलर सैल झाली आहे, शेजारची ग्लाफिरा टाके घालून देणार आहे. काय बोलायचं ते मी ठरवलंय. तू मध्ये बोलू नकोस आणि रडू तर मुळीच नकोस.

रो. जा.


तारानगरी
६ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात हे ग्लाफिराबाईंच्या फोनवरून कळलं. परवापासून मी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघते आहे. तुम्ही खुर्चीत बसलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात की, ग्लेब, तुझंच खरं होतं, वर माणूसच हवा, माझं जन्मभराचं म्हणणं चुकलं. मागे उभी असलेली मंडळी डोळे पुसत होती. लुक्यानोवांनी तुमचा हात हातात घेतला. तुमच्यासारख्या माणसाला ते शब्द काढणं किती जड गेलं असेल, ते मला कळतं.

पण मी पडद्याकडे बघत होते. ग्लेब हसला नाही. उरलेला वेळ त्याने कलुगात बर्फ किती आहे आणि ओका नदी अजून गोठलेली आहे का, एवढंच विचारलं. तेव्हापासून तो झोपलेला नाही. ते लोक त्याच्या छातीचे ठोके मोजतात, त्यामुळे लपत नाही. असंच चाललं तर एप्रिलच्या दहा तारखेला त्याला बाहेर सोडणार नाही, असं आज लुक्यानोव म्हणाले.

आपण काही चूक तर केली नाही ना? मी बोलावलं नसतं तर बरं झालं असतं का? काही सुचत नाही.

रागावला असलात तरी लोभ राहू द्या.

ताइसिया


स्टेशनावरून
२० मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि. (इथे वाकायला गेलं की माणूस छताला लागतो, तेव्हा नमस्कार मनातल्या मनात.)

आठवड्यासाठी आलेले पाहुणे अंतराळवीर उद्या खाली जातायत. हे पत्र त्यांच्या खिशातून येईल, वाटेत कोणी वाचणार नाही. म्हणून सरळ विचारतो. तुम्ही किती आजारी आहात?

मला कोणी काही सांगितलेलं नाही. ताइसियाने तोंडातून अक्षर काढलं नाही, तिला बोल लावू नका. सांगितलंत ते तुम्हीच. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिला पत्त्यांत एकही डाव मुद्दाम जिंकू दिला नव्हतात तुम्ही. तो माणूस कोट घालून, भांग पाडून, तीन तास प्रवास करून येतो आणि चारचौघांत म्हणतो की ग्लेबचंच खरं. लहानपणापासून मला ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले. इथे मध्यंतरी हवा गळाल्याचा भोंगा वाजला होता, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

ते वाक्य परत घ्या. तुमचं खरं मत आणि डॉक्टरांचा खरा आकडा, दोन्ही पुढच्या मालवाहू यानाने पाठवा. माझा तो जुना कागद मी रद्द केला आहे. नवा पाहुण्यांबरोबर लुक्यानोवांना पाठवतोय: सगळं कळवावं.

आणि खरं सांगू का? माझं मत काय, हे मलाच आता नीट सांगता येत नाही. काल दोन तास व्यायाम केला, पाच तास पंप खोलून बसलो, एक तास संडास दुरुस्त केला. विज्ञानाला चाळीस मिनिटं उरली आणि त्यात एक गव्हाचं रोप मेलं. तुम्ही समोर असतात तर मी हरलो असतो. म्हणून तर तुम्ही शरण आलेलं मला सहन होत नाही.

आता कामाचं. पंखाची खीळ अडकली आहे. खालचे म्हणतात, जोर लावून ओढ. तुमच्या चंद्रावरच्या यंत्राच्या बिजागरीला अशीच खीळ होती ना? तुम्ही काय केलं असतंत?

मायेत कसर नाही, हे कळलं. आता खरेपणातही नसावी.

तुमचा
ग्लेब


कलुगा
३० मार्च

चि. ग्लेबास अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वादुपिंडाचा कर्करोग. एप्रिल, फार तर मेचा पहिला आठवडा. तू उतरशील तेव्हा मी नसेन. वाचलंस? हात गार पडले असतील तर चोळ आणि पुढे वाच.

४ मार्चला मी खोटं बोललो. वर लटकलेल्या पोराला बापाने जाता जाता काहीतरी द्यावं असं वाटलं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. भेट वाईट निघाली. परत घेतो.

माझं मत असं आहे की स्टेशन आपल्या खर्चाला लायक नाही. चाळीस मिनिटं आणि एक मेलेलं रोप, हे तूच लिहिलंयस. तुझा कमांडर म्हणेल की उद्या मंगळावर जायची ही तयारी आहे. मग जायचं ठरेल तेव्हा तयारी करा; प्रवास ठरण्याआधी वीस वर्षं फलाटावर झोपून कोणी तयारी करत नाही. तू म्हणशील की यंत्राला जे सांगितलं तेवढंच दिसतं, माणसाला न सांगितलेलंही दिसतं. मुद्दा चांगला आहे, त्यावर मला बरीच वर्षं झोप नव्हती. पण तुझा माणूस दिवसभर पंपच बघत असेल तर त्याला न सांगितलेलं दिसणार कधी? याचं उत्तर दे. नीट विचार करून दे, फक्त फार लांबवू नकोस.

खीळ ओढू नकोस. पोकळीत स्वच्छ धातू धातूला चिकटतो, सांधा मारल्यासारखा. ओढलीस तर तुटेल आणि पंख कायमचा मिटलेला राहील. आधी पाव फेरा उलटा फिरव, थांब, पुन्हा फिरव. सुटली की हाताला कळतं. एवढ्या जाड हातमोज्यातून काय कळणार, म्हणशील, कळतं. खालच्यांना मी फोन केला आणि दीड तास भांडलो. ग्लाफिराने औषधासाठी दोनदा रिसीव्हर ओढून घेतला. शेवटी त्यांनी हवा काढलेल्या टाकीत तशीच खीळ अडकवून पाहिली. ओढली ती तुटली, फिरवली ती सुटली. आता ते माझ्याच पद्धतीने सांगतील.

दहा तारखेला माझा विचार करू नकोस, खिळीचा कर. तू लहान असताना मी तुला फार कमी वेळा जवळ घेतलं, ते चुकलंच. बाकी कशात मी चुकलेलो नाही.

कळावे, आणि भांडण सोडू नये.

तुझा बाप


कलुगा
२२ एप्रिल

प्रिय ग्लेबास सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्याचं मी तुला रेडिओवर चार वाक्यांत सांगितलं. तुझ्या नव्या कागदाप्रमाणे सगळं कळवायचं होतं, पण तीस माणसं ऐकत असताना सगळं बोलता येत नाही. उरलेलं हे मेच्या यानाने येईल.

ते तेराला पहाटे गेले, फार त्रास झाला नाही. पुरल्यानंतर घरी जेवणाला त्यांचे यंत्रवाले जुने सोबती आले आणि तुमचे स्टेशनवालेही आले. पहिला पेला सगळ्यांनी मुकाट्याने घेतला. तिसऱ्यापर्यंत दोन्ही बाजू टेबलावर मुठी आपटायला लागल्या. ग्लाफिराबाईंनी पॅनकेकची थाळी मध्ये आदळली तेव्हा कुठे थांबले. बाबा असते तर खूश झाले असते.

आता दहा तारखेचं. मी सकाळपासून त्यांच्या उशाशी होते. त्यांनी इंजेक्शन घेऊ दिलं नाही, डोकं साफ हवं म्हणाले. तू आत आलास की लुक्यानोव फोन करणार होते, चारच्या सुमाराला. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. ग्लाफिराबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या, तर बाबांनी त्यांना गप्प केलं, मोजणी चुकते म्हणून. घड्याळाकडे बघत ते तू आता कुठल्या समुद्रावर असशील ते मोजत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. साडेपाचला फोन वाजला. खीळ सुटली, पंख उघडला, तू आत आहेस.

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. किती वेळ लागला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाव पाव फेरा करत दोन तास चाळीस मिनिटं. ते म्हणाले की यंत्राने वीस मिनिटांत केलं असतं. ग्लाफिराबाईंनी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून मी दिवा बारीक करायला उठले, तेव्हा ते अगदी स्पष्ट म्हणाले, "पण यंत्राने मला विचारलं नसतं."

हे ग्लेबला लिहू नकोस, म्हणाले. त्याला वाटेल की तो जिंकला. पण तू सगळं कळवायला सांगितलंयस, म्हणून कळवलं.

सांभाळून राहा आणि लवकर उतर.

तुझी
ताइसिया