दाराजवळच्या बाकावर इंग्रजीचा पेपर

इतवारा, नांदेड
मार्च २०००

प्रिय शिवकांता,

आरतीची दहावी संपली. काल भूगोलाचा पेपर झाला. सगळे पेपर खोलीत बसून दिले, शेवटच्या घंटेपर्यंत. एवढं वाचून तू डोळ्याला पदर लावणार हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा थांबते. लावलास? बरं, आता पुढं वाच.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी फोनवर मी तुला धड काही सांगितलं नाही. तू तिकडे मुखेडच्या एसटीडी बूथवर "हाव का? खरंच हाव का?" करत होतीस, तुझ्यामागे कुणीतरी "बाई, आवरा" म्हणत होतं, आणि इकडे आरती माझ्या रिसीव्हरला कान लावून उभी. तिच्यादेखत काय सांगणार? पण ती हकीकत तुला कळायलाच हवी, कारण ती मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये.

मागच्या उन्हाळ्यात तू तिला घेऊन आलीस तो दिवस आठव. तुझ्या शाळेनं बिचारीला भूकंपापासून व्हरांड्यात बसू दिलं होतं, पण हेडमास्तर म्हणाले, बोर्डाच्या परीक्षेला व्हरांडा चालायचा नाही. तू माझ्या दारात तिची पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, "गौसिया, तू इंग्रजी शिकवून राहिली ना, तवा हिला खोलीत बसायलाबी शिकव." जणू दोन्ही एकाच पुस्तकातले धडे! मी हसले. तू गेल्यावर मात्र पिशवी उचलून आत नेताना कळलं, काय अंगावर घेतलंय ते. डीएडला आपण एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, पण भूकंपात गेलेल्या तुझ्या भावाची एकुलती एक खूण माझ्या घरात ठेवून तू निघून जाशील असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्या अब्बांना तू ओळखतेसच. खाजामियाँ टेलर म्हणजे पंचवीस माणसांत ओरडून बोलणारा माणूस. पण आरती आली त्या दिवसापासून त्यांनी शिलाई मशीन दारापासून सरकवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच धोशा: "दरवाजा बंद नक्को करो, बच्ची बैठी है." वर्षभर आमचं दार सताड उघडं. मांजरानं दूध प्यायलं, शेजारची कोंबडी येऊन गिऱ्हाइकाच्या सफारीवर बसून गेली, अब्बांनी हूं की चूं केलं नाही. माझ्या शिकवणीच्या पोरी आत सतरंजीवर आणि ही उंबऱ्यावर, एक पाय घरात, एक गल्लीत.

आता तू म्हणशील, इंग्रजीचं सांग. सांगते. उपवाक्यं म्हटलं की आपल्याकडच्या पोरी पाठ करायला लागतात, 'हू' आलं की अमुक, 'व्हेन' आलं की तमुक. मी पाठांतर बंद केलं. म्हटलं, आधी क्रियापद शोधा. मग त्याला विचारा, हे केलं कुणी? जितकी क्रियापदं सापडतील तितकी उपवाक्यं. मग बघा, त्यातलं कोणतं एकटं उभं राहतं आणि कोणतं दुसऱ्याचा हात धरून. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पोरी वाक्याच्या टोकापर्यंत वाट बघत जातात, आणि इंग्रजीत ते केव्हाच मागे राहून गेलेलं असतं. मी फळ्यावर लिहिलं, 'द बॉय हू सोल्ड बनानाज इन अर्धापूर बॉट अ सायकल.' सगळ्या पोरींनी एकमुखानं सांगितलं की अर्धापूरनं सायकल घेतली! मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, "'हू'पासून अर्धापूरपर्यंत मधलं झाकून टाका. मग पोरानंच घेतली सायकल." पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली ती माझ्या घरात. त्या दिवशी मला तुझी पोरगी फार आवडली.

तेव्हापासून व्याकरणात ती सगळ्यांच्या पुढे. एवढी मोठी वाक्यं सोडवायची आणि मान वर करून माझ्याकडे असं बघायची की बस्स, अजून द्या. पण खोलीत येऊन काही बसेना. दिवाळीनंतर मी पोरींना सांगितलं, आता तुमची तुम्ही वाक्यं करा, 'व्हेन' घालून. एकेकीनं फळ्यावर लिहायचं. पाऊस आला तेव्हा छत्री उघडली, गाडी आली तेव्हा आम्ही चढलो, असलं सगळं. आरतीनं लिहिलं, 'व्हेन द हाउस फेल, माय फादर पुश्ड द डोअर विच डिड नॉट ओपन्ड.' मागून एक पोरगी ओरडली, "'डिड नॉट'नंतर 'ओपन'! 'ओपन्ड' न्हाई!" आरतीनं बोटानं शेवटचं 'एड' तेवढं पुसलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. वाक्य बिनचूक झालं होतं. मी 'शाब्बास' म्हणाले, तीन उपवाक्यं कशी झाली ते पोरींना समजावून सांगितलं, आणि बोलता बोलता मी काय वाचतेय ते माझ्या ध्यानात आलं. घर पडलं तेव्हा तिचे वडील दार ढकलत होते, आणि दार उघडलं नाही. मला पुढं शिकवता आलं नाही. पोरींना लवकर सोडलं.

इतकी वर्षं तिनं हे तुला सांगितलं नव्हतं ना? मलाही मराठीत सांगितलं नसतं. मराठीत विचारलं की ती "भिंत" म्हणायची, "अंधार" म्हणायची, तेवढंच. इंग्रजीत क्रियापद शोधता शोधता ते निघून गेलं तोंडातून. आणि आपण सगळे काय समजत होतो? छताला भिते. मातीच्या माळवदाखालून काढलेलं लेकरू, छताला भिणारच. भाऊजींनी तर नव्या खोलीवर स्लॅब न टाकता पत्रे घातले. अगं, पण तुझ्या शाळेच्या व्हरांड्यालाही स्लॅबच होता की! ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, ना तुझ्या, ना माझ्या. तिला छताचं काही नव्हतं. तिला बंद दार सोसत नव्हतं.

मग मी हुशारी करायला गेले. तिला दाराशी आत बसवून रोज दार थोडं थोडं लावायचं. अर्ध्यापर्यंत जमलं, पुढं तिच्या ओठावर घाम. अब्बा माझ्यावर भडकले, म्हणाले, "बच्ची है, तेरा ग्रामर नही." ते सोडून मी परीक्षा केंद्राच्या प्रमुखांकडे गेले. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि शब्द दिला, पोरीला दाराजवळचा बाक देतो, दार उघडं ठेवतो. मराठीचा पेपर तसा पार पडला. तुला वाटलं झालं, मलाही वाटलं झालं.

इंग्रजीच्या दिवशी काय झालं ते आता ऐक. तुला कॉपीचं माहीतच आहे. खिडक्यांना पोरं लोंबकळतात, दारातून कागदाचे बोळे आत. पेपर सुरू झाला आणि भरारी पथकाची जीप आली. मी फाटकाबाहेर उभी. साहेब उतरले, धावत सुटले, आणि एकेका वर्गाची दारं आतून लावून घ्यायला लावली. माझ्या डोळ्यांदेखत आरतीच्या खोलीचं दार लागलं. मी फाटकावरच्या पोलिसाला म्हटलं, मला आत सोडा. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांच्याच लेकरांचे पेपर हायेत." शिवकांता, मी त्या रस्त्यावर उभं राहून अल्लाची करुणा भाकली, तुझ्या महादेवाचीही भाकली. आता दार वाजेल, आता ती रडत बाहेर येईल, वर्ष गेलं, पोरगी गेली, तुला तोंड काय दाखवू, हेच डोक्यात. कुणी आलं नाही. दार लागलेलंच राहिलं.

घंटा झाली आणि ती बाहेर आली ती तणतणत. मला वाटलं रडतेय. तर म्हणते कशी, "गौसियाखाला, एका वाक्यात चार क्रियापदं घातली हो! अशी असती का परीक्षा?" मी तिला तिथंच मिठी मारली, फाटकात, सगळ्यांसमोर. मग उसाचा रस पिताना तिनं सांगितलं. दार लागलं तेव्हा ती उठलीच होती. समोर ते लांबलचक वाक्य होतं. मनात म्हणाली, एवढी क्रियापदं शोधते आणि जाते. शोधता शोधता मान वर केली, तर दाराची कडी तिच्या हाताजवळ. "आतून लावली होती, खाला. मी बसले तिथून हात पुरत होता. मला उघडता आलं असतं." बस, एवढंच. म्हणून उघडलं नाही. वर्षानुवर्षं आपण तिच्यासाठी दारं उघडी ठेवत बसलो, आणि तिला हवी होती कडी तिच्या हाताशी. मला इतकं हलकं वाटलं की रसवाल्याकडे आणखी एक ग्लास मागितला. पुढच्या पेपरांना मी फाटकावर गेलेसुद्धा नाही. भूगोलाला तर घरी मस्त झोपले.

आता या पत्राचं खरं कारण. आरतीला अकरावीला लातूरला जायचंय. सायन्स घ्यायचंय, तिकडच्या क्लासला बसायचंय, जिथं घंटा झाली की दार लागतं आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. हे सगळं चौकशी करून आलीय ती, आणि तुला सांगायची तिची छाती होत नाही. भावाचं गाव तिकडचं, आणि भूकंपानंतर तू त्या वाटेची एसटीही धरली नाहीस, हे तिला कळतं. रात्रंदिवस जपलेली पोर त्याच मातीकडे एकटी पाठवायची म्हणजे काय, हे मलाही कळतं. पण ती भीती आता तिची राहिलेली नाही, शिवकांता, ती तुझी आहे. तिनं मला विचारलं, आत्या काय म्हणंल? मी म्हटलं, आधी लई रडेल, मग 'जा' म्हणेल. शुक्रवारच्या गाडीनं ती मुखेडला येतेय. पत्र मुद्दाम तिच्या आधी पाठवलंय. जे रडायचं असेल ते ती यायच्या आत रडून घे.

तुझ्यासोबत रडणारी, तुझीच
गौसिया