मूठभर निकेल

प्रिय आई,
हैदराबादहून तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

“सारं आजच नको सरवू व, मूठभर उद्याले ठेव,” असं तू पीठ मळायला घेतलं की म्हणायचीस. त्या मुठीमुठीवर मी शिकले, आई. आज या प्रयोगशाळेत आहे ती त्यामुळेच.

इथे मी ज्या जीवाणूंवर काम करते, तेही तुझ्यासारखेच. निकेल धातूचे कण मिळाले की एका प्रथिनात जपून ठेवतात. गरजेला तेच वापरून एक विकर घडवतात आणि त्याच्या जोरावर पोटातल्या आम्लातही जगतात. तुझ्या तपासणीत सापडले ते हेच. घाबरू नकोस, औषधाने जातात.

सोनाळ्यात तूर सोंगून झाली का?

काल प्रेरणावहिनी फोनवर म्हणाल्या, “जळजळ थांबली तं आईनं उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या. म्हणे, भागवतले कामी येतील.”

अगं, औषध अर्ध्यावर सोडलं तर उरलेले जीवाणू पुन्हा वाढतात, आणि मग याच गोळ्यांना दाद देत नाहीत. आजच डॉक्टरांना विचार आणि सांगतील तेवढ्या सगळ्या गोळ्या संपव. या एकदाच मागे काही ठेवू नकोस.

तू फोनवर ‘हाव’ म्हणशील आणि दोन तरी भागवतदादासाठी लपवशील, ठाऊक आहे मला. तरी तुझ्याकडे एवढंच मागते.

तुझीच,
राखी