पालथी पत्रावळ

श्रीरामपूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. लंकाबाईस काकासाहेबाचे अ. उ. आ.

फोन करत नाही. फोनवर तू आधी रडतेस आणि मला काय म्हणायचं होतं ते राहून जातं. हे पत्र पूर्ण वाच आणि रामहरीरावांना वाचून दाखव. तुझे यजमान म्हणून नव्हे, होडीवाल्यांच्या जेवणाचे कारभारी म्हणून.

रविवारी बेटावर आपलं माघातलं जेवण झालं. आपल्या नावेतल्या गहिनीनाथनं फोटो पाठवले, ते स्नेहलनं मला दाखवले. लेकीला वाटलं, बाबा खूश होतील. दोन पंगती समोरासमोर, नावेत बसायचो तशाच. डाव्या वल्ह्याचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे, टोकाला सुकाणूवाला. माशाचं कालवण, बाजरीची भाकरी. सगळं रीतीप्रमाणे. आणि डावीकडच्या पंगतीत दुसऱ्या जागेवर, म्हणजे माझ्या जागेवर, पालथी पत्रावळ. तिच्याशेजारी माझं वल्हं, वल्ह्याला झेंडूची माळ.

पालथी पत्रावळ कोणाची असते हे तुला सांगायला नको. आपले आबा गेले आणि त्यांची ठेवली तेव्हा तू तिथं उभी होतीस. मी श्रीरामपुरात लेकीकडे जिवंत आहे. सकाळी चहा पितो, पेपर वाचतो, जावयाशी भांडतो. पूल होईपर्यंत धारवाडीची शाळा, दूध, वऱ्हाडं, अडलेल्या बायका आम्ही आठ जणांनी पाण्यावरून नेल्या. त्या आठांतल्या एकाला मेलेला ठरवताना कुणालाही साधी चौकशी करावीशी वाटली नाही.

माळ आधी काढायला सांग. खुलासा लेखी हवा.

कळावे. लोभ आहे, पण सध्या फक्त तुझ्यावर.

काकासाहेब


धारवाडी,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास लंकाबाईचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे जेवत होते. जेवण तसंच पुरं केलं. मग हात धुतला आणि म्हणाले की लई तापलाय तुजा दादा, पर त्यो नेम कुनी केला ते त्यालाच इचार.

म्हणून विचारते. मेल्याशिवाय कुणाची पत्रावळ पालथी घालायची नाही, ही जुनी रीत. छगनभाऊ भोसरीला लेकाकडे गेले, तीन माघ आले नाहीत, तेव्हा पंगतीत उभं राहून तूच म्हणालास की जो तीन वर्षं येत नाही तो नावेला मेल्यासारखाच. स्वतःच्या हातानं त्यांची पत्रावळ उलटी केलीस. एका फळीवर बसायचात तुम्ही दोघं. डावं वल्हं तुझं, उजवं त्यांचं. गोजरवहिनी त्यांचा निरोप घेऊन भोसरीहून आली होती. बायकांनी पंगतीत बोलायचं नसतं म्हणून तू तिला गप्प केलंस. ती न जेवता होडीत जाऊन बसली. मला आठवतं, कारण तिची भाकरी तव्यावर करपली आणि ती मी उतरवली.

तूही तीन माघ आला नाहीस. पहिल्या वर्षी मोतीबिंदू म्हणालास, दुसऱ्या वर्षी नातीची परीक्षा, यंदा काहीच नाही. पंगतीत जो तो दुसऱ्याला पुढं करत होता. शेवटी गहिनीनाथनं पत्रावळ पालथी घातली. त्याचेही हात कापत होते.

आणखी एक. तुझं अक्षर उजवीकडे झुकायचं. ह्या पत्रात ते डावीकडे पडलंय. काय झालंय ते कळव.

मोठ्या भावाचा लोभ धाकटीवर असतोच, तो मागत नाही. उत्तर मागते.

लंकाबाई


श्रीरामपूर,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. लंकाबाईस अ. उ. आ.

नेम मी केला हे खरं. पण ज्यानं नेम केला त्याला नेम लावण्याआधी विचारायचं असतं, एवढी समज गहिनीनाथला नसली तरी रामहरीरावांना असायला हवी होती.

छगनची गोष्ट वेगळी. तो सुखासाठी गेला. लेकाचं पक्कं घर, दारात नळ. त्याला पाण्याची गरज उरली नाही. मला आहे. इथं गच्चीवर एक टाकी आहे, सकाळी भरते. मी तिचा आवाज ऐकत बसतो. आमच्या दोघांची तुलना करू नकोस.

अक्षराचं म्हणशील तर पेन चांगलं नाही.

आशीर्वाद आहेतच. पण पुढच्या पत्रात मला शिकवू नकोस.

काकासाहेब


धारवाडी,
१० मार्च २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

न कळवता श्रीरामपूरला आले म्हणून तू रागावलास. कळवून आले असते तर तू शालीखालून हात काढला नसतास. तसा काढला नाहीसच. तू डाव्या हातानं कप उचललास तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. स्नेहल भाजी चिरत होती. तिनं सगळं सांगितलं. अर्धांगाचा झटका, त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. आम्हाला कळवायचं नाही म्हणून तिला शपथ घातलीस.

सोनईपर्यंत एसटीत उभी राहून आले. रडले नाही. राग आला होता. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वेणी तू घालायचास, वाकडी. त्या हाताला काय झालं ते मला शेजारणीसारखं बाहेरून कळावं का? छगनभाऊंनी निदान बायकोला पाठवलं होतं. तू तेही केलं नाहीस.

मलाही शपथ घातलीस. ती मी घरी पोचताच मोडली. ह्यांनी ऐकलं आणि उठून बेटावर गेले. तुझ्या वल्ह्याची वाळलेली माळ काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले की म्होरल्या माघात गहिनीनाथच्या इंजिनाच्या होडीतून दादाला नेऊ, कोनी काय बोलनार न्हाई.

रागावलेली असले तरी तुझीच,

लंकाबाई


श्रीरामपूर,
१७ मार्च २०२५

चि. सौ. लंकाबाईस अ. उ. आ.

इंजिनाच्या होडीतून मी येणार नाही. बेटावर जेवायला जायचं ते वल्हं मारत. बसून गेला तो उतारू, आणि उतारूला पंगतीत जागा नाही. हा नेम माझा नव्हे, आबांचा. आयुष्यभर उतारू ओढले. म्हातारपणी उतारू होऊन, सगळे जेवत असताना कुणी माझ्या भाकरीचे तुकडे करून देणार, ते मला नको.

कुणी काही बोलणार नाही असं रामहरीराव म्हणतात. तेच तर सहन होणार नाही. मला बोलणारी माणसं हवीत.

त्यापेक्षा पत्रावळ पालथी राहू दे. गहिनीनाथनं चूक केली नाही असं त्याला सांग.

हा विषय इथं संपला. बाकी लोभ आहे तसा आहे.

काकासाहेब


धारवाडी,
१२ जानेवारी २०२६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दहा महिन्यांपूर्वी तू विषय संपवलास, मी संपवला नाही.

आबा तापानं पडले होते त्या पावसाळ्यात दूध पलीकडे कुणी नेलं ते आठव. तू चौदाचा, मी अकराची. एकाच वल्ह्यावर दोघांचे चार हात. आता तीन आहेत. तेव्हा माझे दोन म्हणजे काही मोठे हात नव्हते.

यंदा मी तुझ्याशेजारी बसणार. रविवारच्या बैठकीत सांगून टाकलं. बाईमाणूस वल्ह्याला बसत नाही, असं गहिनीनाथ म्हणाला. मी विचारलं, हा नेम कोणाचा. ह्यांना हसू आलं, ते मिशी पुसत बाहेर गेले.

भाकरीचे तुकडे तुझे तू कर. नाही झाले तर अख्खी खा.

जेवण २५ तारखेला आहे. शनिवारी दुपारच्या एसटीनं ये. नाही आलास तर तुझी पत्रावळ मी स्वतः पालथी घालीन, आणि माझा हात कापणार नाही.

एवढ्या वर्षांच्या लोभाच्या जोरावर लिहिलं आहे.

लंकाबाई


श्रीरामपूर,
२८ जानेवारी २०२६

रा. रा. छगन यांस काकासाहेबाचा रामराम. वि. वि.

तुझा पत्ता लंकेनं गोजरवहिनींकडून मिळवला. पत्र बघून दचकू नकोस. मी मेलेलो नाही. तूही नाहीस, असं कळतं.

रविवारी बेटावर गेलो. माझा उजवा हात तीन वर्षांपासून कामाचा नाही. डाव्यानं वल्हं धरलं, शेजारी लंका. नाव इतकी हळू गेली की काठावरच्या पोरांनी पायी चला म्हणून ओरडा केला. मी त्यांना शिव्या दिल्या. बरं वाटलं.

पंगतीत माझी पत्रावळ सुलटी होती. समोर तुझी पालथी. दहा वर्षं ती तिथं आहे आणि त्यातली सात वर्षं मी तिच्यासमोर बसून पोटभर जेवलो. यंदा घास उतरेना. उठलो, तुझी पत्रावळ सुलटी केली आणि तिच्यावर वाढायला लावलं. एका हातानं जमलं. पालथी घातली तेव्हाही एकच हात लागला होता. तुझ्या वाट्याचा मासा गहिनीनाथनं खाल्ला, ते तू त्याच्याशी बघून घे.

तुझा गुडघा बदलला होता आणि तेच सांगायला वहिनी आल्या होत्या, हे मला लंकेनं आता सांगितलं. तू साधं पत्र का टाकलं नाहीस? दहा वर्षं एवढा कसला ताठा? मीही टाकलं नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यानं तुझी चूक कमी होत नाही.

तीन वर्षांचा नेम मी पंगतीत उभं राहून रद्द केला. पुढच्या माघात ये. गुडघ्यानं कुणी वल्हं मारत नाही. लंका बसली ती माझ्या हाताच्या जागी. त्या फळीवर उजवीकडची जागा रिकामी आहे.

लोभ ठेव अथवा ठेवू नकोस, पण ये.

तुझा,
काकासाहेब

ता. क. अक्षर डाव्या हाताचं आहे. लागलं नाही तर वहिनींना वाचायला सांग. वाचून झाल्यावर त्यांना काही म्हणायचं असेल तर बोलू दे.