हरलेल्यांची गल्ली

३ मार्च

संचालकबाईंनी मी लिहिलेली पाटी परत केली. तिसऱ्यांदा! संग्रहालयात जागतिक क्रीडास्पर्धांच्या इतिहासाचं दालन महिनाअखेर उघडायचंय. बाई म्हणाल्या, "जिंकलेल्यांचं कौतुक पुरे हो. हरलेल्यांचं काय व्हायचं ते लिहा."

शोधलं. प्राचीन ग्रीकांच्या खेळांत दुसरा नंबर नव्हताच! पहिल्याला पानांचा मुकुट, बाकीच्यांना काही नाही. हरलेले म्हणे आपल्या गावात मागच्या गल्लीबोळांतून, तोंड लपवत शिरायचे. लिहून टाकलं. शेवटी 'बिचारे' असंही घातलं. बाई खूश.

७ मार्च

उद्या धाकट्या बहिणीची शर्यत. वीस किलोमीटर चालणे. इतक्या देशांचे खेळाडू, आणि त्यांत आमची धाकटी! सगळ्या ऑफिसला टीव्हीसमोर बसायचं आमंत्रण मीच देऊन ठेवलंय. छाती नुसती फुगलीय.

८ मार्च

बाद.

चालण्याच्या शर्यतीत पळाली म्हणून! एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो, तिचे दोन्ही उचलले गेले म्हणे. तिसरं लाल कार्ड शेवटच्या फेरीत. कॅमेरा नेमका तिच्या तोंडावर. हिशेबनीस म्हणाला, "काय हो, तुमच्याकडे साधं चालताही येत नाही?" सगळे हसले.

मीही हसलो.

९ मार्च

आज स्त्री-खेळाडूंची पाटी. मोठ्या स्पर्धांत धावू देत नाहीत म्हणून बायकांनी १९२२ साली स्वतःच्याच जागतिक स्पर्धा भरवल्या. काय हिंमत! झकास लिहिलं मी. धाकटीला फोन मात्र केला नाही. काय बोलणार होतो?

१२ मार्च

धाकटीला स्टेशनवरून आणलं. घराच्या पुढच्या रस्त्यावर न्हावी, किराणावाला, इस्त्रीवाला — सगळ्यांनी टीव्ही पाहिलेला. एकेकाला काय उत्तर द्यायचं! तिची बॅग उचलली आणि सरळ गोदामांमागच्या गल्लीत वळलो.

"इकडून का रे, दादा?"

"सावली आहे," म्हटलं. तोंडाला आलं ते.

"बरं केलंस," ती म्हणाली. अंगठ्याचं नख उखडलेलं, लंगडत होती. कचऱ्याचे डबे चुकवत चाललो. ती परदेशातल्या गमती सांगत होती आणि मी समोरून कोणी येत नाही ना, ते बघत होतो.

ती आंघोळीला गेली तशी आई माझ्यावर उखडली. "अरे, कुठून आणलीस तिला? सगळे कोपऱ्यावर ताटकळले होते! इस्त्रीवाल्याने टेबल बाहेर काढून त्यावर चादर घातली, पोरांनी कागदी झेंडे केले. गाडी चुकली असेल म्हणून आत्ता पांगले बिचारे."

कसली लाज वाटत होती मला? कोणाची?

१३ मार्च

इस्त्रीवाला दारात आला. "ताई, आम्ही किती वाट बघितली तुमची!" मी आत वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलो. धाकटी हसत म्हणाली, "अहो, माझे पाय दुखत होते ना, म्हणून दादाने सावलीतून आणलं. फार जपतो मला."

धरणी पोटात घेईल तर बरं!

तिला सांगायचं. आजच सांगायचं. — नाही सांगितलं.

२० मार्च

बाईंना म्हटलं, हरलेल्यांची पाटी काढू या. नीटशी जमली नाही.

"वेड लागलंय का तुम्हाला? सबंध दालनात तीच एक जिवंत आहे!"

"निदान 'बिचारे' तरी—"

"छापून आलीय हो."

२९ मार्च

धाकटी परवा उद्घाटनाला येणार. आईने तिला नवा ड्रेस घ्यायला लावला. आज सकाळी विचारत होती, "दादा, तू काय काय लिहिलंयस रे?" मी म्हटलं, गर्दी असेल, नंतर सवडीने ये. "छे! पहिल्या दिवशीच येणार," म्हणाली.

३१ मार्च

दालन उघडलं. हरलेल्यांच्या त्या पाटीसमोर धाकटी बराच वेळ उभी होती. निघताना म्हणाली, "दादा, मी पुढच्या रस्त्याने जाते. तू ये सावलीतून."