जेवून आलेले पाहुणे

शुक्र. ७ नोव्हें.

घरी जेवायला बोलावणाऱ्या बायकांनो, आपलं दुखणं एकच आहे. दोन दिवस आपण खपतो आणि पाहुणा पाटावर बसता बसता म्हणतो, अगदी थोडं वाढा हं.

(तीस वर्षं व्यासपीठावर बोलले. आता वहीतही सभा भरते.)

उद्या अरविंद भाऊजी, शुभा आणि मंदाताई येणार. दीर, जाऊ, नणंद. माझ्या मुलाच्या, निनादच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मे महिन्यात कोर्टात लग्न झालं, तेव्हा तिघांनाही नेमकं बाहेरगावी जायचं होतं. थाटमाट काही नाही, शनिवारचं साधं जेवण, असं कळवलंय. वनिता म्हणाली, "आई, स्वयंपाक मी करते. माझी आई करते तसा."

सून दापोड्याच्या गोदामात बिलिंगला. निनादही तिथेच. तिचं माहेर डोंगराकडच्या पाड्यावर, बाप दुसऱ्याच्या रानात भात लावतो, आई मजुरीला जाते. आमच्या मंडळींना तिच्याबद्दल एवढंच पाठ आहे.

शनि. ८

तांदळाच्या भाकऱ्या, उडदाची आमटी, लसणाची चटणी, उकडलेले करांद्याचे कंद. घरभर वास.

अरविंद भाऊजी: "माझा शनिवार असतो." कधीपासून? "याच शनिवारपासून."

शुभाला अ‍ॅसिडिटी. डॉक्टरांनी उडीद बंद केलाय. मग भाकरी घे. तांदूळही बंद केलाय म्हणे. कोणता डॉक्टर आहे हा, एकदा बघायचाय मला.

मंदाताई तर जेवूनच आल्या. जेवायला बोलावलं होतं, जेवून आल्या.

वनिता हातावर गरम भाकरी घेऊन उभी. "आत्या, अर्धी तरी." मंदाताई तिच्या गालाला हात न लावता दुरूनच कौतुक करत म्हणाल्या, "कष्ट दिसतात हो पोरी. तुमच्यात असंच करतात का रोज?"

तुमच्यात.

मग त्यांनी धामणकर नाक्यावरून आणलेली जिलबी उघडली आणि तिघांनी खाल्ली. उपास, अ‍ॅसिडिटी, भरलेलं पोट, तिन्ही जिलबीपुरती बाजूला झाली. मी काय केलं? समतेवर दोन तास बोलू शकणारी मी म्हणाले, "अजून घ्या ना."

जिना उतरताना शुभा कानाशी आली. "वहिनी, तुम्ही केलं असतं तर दोन घास खाल्ले असते. राग मानू नका हं."

रवि. ९

व.ची रविवारची शिफ्ट. उरलेल्या सगळ्या भाकऱ्या फडक्यात बांधून नेल्या. संध्याकाळी हसत आली. "हमालांनी पाच मिनिटांत संपवल्या. 'भाभी, और है क्या' विचारत होते."

चप्पल काढता काढता हसू गेलं. "आई, ही लोकं माझ्या हातचं कधी खातील?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हणाले. विचार न करता. सवयीने, टाळीच्या जागी म्हणतात तसं.

मंगळ. ११

घरच्या ग्रुपवर टाकलं: "येत्या शनिवारी माझ्या हातची डाळिंब्यांची उसळ. या." पाच मिनिटांत तिघांचे अंगठे वर. मला वाटलं होतं, भाऊजींना याही शनिवारी उपास असेल. नाही म्हणे, तो सुटला.

रात्रभरासाठी वाल भिजत घातले.

शुक्र. १४

मोड छान आलेत. व. ड्युटीवरून येऊन सोलत बसली. सासूबाई हे वाल सोलताना कुणाला जवळ बसू देत नसत. मोड तुटला की हातावर चापट. हिच्या हातून एकही तुटत नाही. माझे अजून तुटतात.

उद्या उसळ तीच करणार. मी चमच्यालाही हात लावणार नाही. तिला एवढंच सांगितलं की उद्या खातील. पुढचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

शनि. १५

सात वाजता आले. भुकेले आले, वेळेच्या आधी आले.

व.ला म्हटलं, "तू आत पड जरा. वाढायचं मी बघते." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. निनाद काही बोलणार होता, त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

भाऊजींनी तिसऱ्यांदा उसळ घेतली. "वहिनी, खरं सांगू, आज आई आठवली." मंदाताईंच्या डोळ्यांत पाणी. शुभा बोटं चाटत होती, अ‍ॅसिडिटीचं नाव नाही. मी वाट बघत राहिले. शेवटचा घास आत जाईपर्यंत वाट बघितली, हे लिहून ठेवते.

मग उभी राहिले. "वनिता, बाहेर ये. मंडळी, ही तुमची आई. वाल हिने सोलले, फोडणी हिने दिली, मीठ हिच्या हाताचं. गेल्या शनिवारी हिच्या भाकरीने तुमचा धर्म बुडत होता. आज तो पोटात उतरलाय. आता काय करणार?"

भाऊजी: "ही फसवणूक आहे, वहिनी."

"कुणाची? जिभेला तर पटलंय."

आणखी बरंच बोलले. मंदाताईंच्या मुलाला अमेरिकेत कोण रांधून घालतं, तेही विचारलं. सभागृह असतं तर लोक उठून उभे राहिले असते. मला चव आली होती बोलण्याची.

शुभा उठून मोरीत गेली. चुळा भरायला लागली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक चूळ बाहेर ऐकू येत होती. मंदाताईंचा हात ताटातच वाळत होता. आणि वनिता स्वयंपाकघराच्या दारात ताकाचे पेले घेऊन उभी. पाचवी चूळ झाली तेव्हा तिने ट्रे खाली ठेवला. आवाज न करता.

रवि. १६

सकाळी ओट्यापाशी. चिडली की तिची पाड्यावरची भाषा वर येते.

"आई, त्यांनी खाल्लं न्हाय. तुम्ही चारलं."

मी म्हटलं, अगं, तोंडं बघितलीस का त्यांची?

"मी चुळा ऐकल्या. तुम्ही तोंडं बघत होता." मग म्हणाली, "त्यांनी तुमचं म्हणून खाल्लं. मी आत दार लावून बसले होते, कुणी मेल्यासारखी. मला विचारलं तरी असतं."

उत्तर दिलं. लांब दिलं. ऐकून घेतलं तिने, मग भांडी घासायला घेतली.

मंगळ. १८

काल ड्युटीवरून ती परस्पर पाड्यावर गेली. आता तिथूनच येऊन-जाऊन करणार म्हणे. दोन रिक्षा बदलायच्या, मग पायी.

निनाद: "आई, तू जिंकलीस. आता कुणाला जेवायला घालणार आहेस?" ताट तसंच ठेवून गेला. माझाच मुलगा, जिव्हारी कुठे लागतं ते त्याला माहीत.

शुक्र. २१

दुपारी दापोड्याला गेले. गेटसमोरच्या टपरीवर भेटली. चहा तिनेच सांगितला. रागावली आहेस का, विचारलं.

"न्हाय. पण वाढायची भीती बसलीय. कुणापुढे ताट ठेवलं की वाटतं, याला काय सांगून बसवलं असेल."

मी म्हटलं, चुकले. एवढंच. त्याला जोडून आणखी एक वाक्य आलं होतं तोंडावर, गिळलं. परत ये म्हटलं. "बघते," म्हणाली आणि आलेल्या ट्रकचं बिल करायला आत गेली.

हे पान मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणार आहे. वहीची लाज मी बाळगायची आणि तुम्ही कशाचीच नाही, हे जमणार नाही.

अरविंद भाऊजी, शुभा, मंदाताई: मी तुम्हाला फसवलं, ते कबूल. तुम्ही तिला काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे. क्षमेचं पत्र लिहू नका, सुंदर लिहाल. शुभा, साडी पाठवू नकोस. उद्या तिला सुट्टी आहे, पाड्यावर आईजवळ असेल. नंबर ग्रुपवर टाकते. सकाळी दहाला तिघांनी एकेक फोन करा आणि विचारा, "आम्ही तुझ्या आईच्या घरी जेवायला येऊ का?" ती नको म्हणाली, तर बरं म्हणा आणि फोन ठेवा. पण विचारा. उद्या, दहाला.