जिन्यावरची वकिलात

३ मे
कॉलनीच्या व्याख्यानमालेत ह्यांचं भाषण ठरलं! विषय — ट्युनिशियाचे कोणी राजदूतसाहेब. आधी मास्तर, मग फ्रेंचांच्या तुरुंगात, मग राजदूत, परराष्ट्रमंत्री आणि म्हातारपणी लेखक. नाव एवढं लांब की हे दर वेळी निराळंच घेतात. मी म्हटलं, पंचवटीत कोणाला कळतंय! तर तोंड फिरवून बसले.

७ मे
आता घरातही मुत्सद्देगिरी. भाजी अळणी झाली तर म्हणे, 'मिठाबाबत चर्चेला वाव आहे.'

राजदूतसाहेबांनी दोन भांडखोर देशांत समेट घडवला, ह्याचं कोण कौतुक! आणि सख्खा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, त्याच्याशी तीन वर्षं अबोला. कशावरून? तर गच्चीवरच्या टाकीचा नळ कोणी उघडा टाकला! पुढच्या महिन्यात सायलीचं लग्न. पोरीने बजावलंय, "काका नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही."

निरोप मीच नेते. हे म्हणतात, त्या गाढवाला सांग, टाकी भरली. मी वर जाऊन सांगते, दादा विचारतायत, पाणी पुरतंय ना? सहादूभाऊजी म्हणतात, त्याचं पाणी त्यालाच लखलाभ. मी खाली येऊन सांगते, भाऊजींनी तब्येत विचारली. करायचं काय!

९ मे
ह्यांनी भाषण वाचून दाखवलं. साहेबांनी आठवणींत लिहिलंय म्हणे — दोन्हीकडचे निरोप पोचवताना मी वाटेत शिव्या गाळून टाकायचो. ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

"असा माणूस आपल्याकडे नाही गं!"

मी गुपचूप भाकरी उलटली.

११ मे
झालं भाषण. भाऊजींना मी सांगितलं होतं, दादांनी आग्रहाने बोलावलंय. ह्यांना सांगितलं, भाऊजी आपणहून येतायत. भाऊजी चक्क पहिल्या रांगेत! शिव्या गाळण्याच्या किश्श्याला सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. नंतर चहा घेताना दोघे भाऊ बोलायला लागले. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात कानावर पडलं —

"मी कधी रे तुझी तब्येत विचारली?"

"आणि मी कुठे बोलावलं तुला?"

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

१२ मे
भाऊजी लग्नाला येणार. मांडवाचं सगळं तेच बघणार. देव पावला! माझ्याशी मात्र दोघंही बोलत नाहीत. निरोप आता सायली आणते. सकाळी सांगत आली, "आई, बाबा म्हणतायत, चहा फक्कड झालाय."

चहात मी साखर घालायलाच विसरले होते.