माहेरचं पिंप

घोडपदेव, ८ नोव्हेंबर

चि. प्रिती हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुमचं विमान अंदमानला सुखरूप उतरल्याचं शेजारच्या रुपालीने कागदावर लिहून दाखवलं. फोन कानाला लावून माझा काही उपयोग नाही. पालिकेच्या कीटकनाशक खात्यातल्या धुराच्या मशीनने कान नेले ते नेलेच. म्हणून हे हाताने लिहितो, रुपाली फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवील. तूही कागदावर लिहून तसंच पाठव.

पाचव्या महिन्यात बेटावर फिरायला जायचं हे मला पटलेलं नाही, पण हौसेला मोल नसतं. गेल्या वेळी हातातोंडाशी आलेला घास गेला, तो आपण कुणीच विसरलेलो नाही. म्हणून सांगतो ते ऐक. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. उन्हाचं मलम आधी, डासांचं त्याच्यावर, आणि तेही तुझ्या डॉक्टरीणबाईंनी चालेल म्हटलेलंच. पट्ट्यांचा डास दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा दुपारी आडवी झालीस तरी मच्छरदाणी सोड. वाळूत बसू नकोस, खुर्ची माग. हॉटेलच्या मागे नारळाच्या करवंट्या पडल्या असतील, त्यात पाणी साचतं. हितेंद्ररावांना सांग, लाज न बाळगता उपड्या करा म्हणावं.

इथे आठवडाभर घरात मोजे घालून वावरलीस. म्हटलं, लेक साहेबीण झाली! तेच मोजे तिकडे घाल. माझ्या घराची काळजी नको. तीस वर्षं परळ-लालबागच्या टाक्यांवर चढलो, अळ्या सापडल्या की लोकांच्या दारावर नोटिसा लावल्या. माझ्या दारात एक अळी कुणाला दिसली नाही. दर गुरुवारी कोरडा दिवस, सगळी पिंपं रिकामी करून घासायची, हा नेम तुझी आई बकुळा गेल्यावरही मोडला नाही. माहेरी लेकीला पाणी कमी पडू नये म्हणून तू यायच्या पंधरा दिवस आधी गॅलरीत एक जादा पिंप भरून ठेवलं होतं. तू आपली एका बादलीत भागवलंस, ते भरलेलं तसंच राहिलं.

बाळंतपणाला इथेच यायचं आहे, हे ध्यानात असू दे. म्हाताऱ्यावर माया आहे तशी ठेव.

तुझा,
दादा


अंदमान, ९ नोव्हेंबर

ती. दादांस,
प्रितीचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र हितेंद्रने मोठ्याने वाचलं आणि नंतर खरोखरच हॉटेलच्या मागे जाऊन सतरा करवंट्या उपड्या केल्या. इथला माळी त्याला वेडा समजतो. समुद्र असा हिरवा आहे की तुम्ही असतात तर आधी त्यात अळ्या आहेत का ते पाहिलं असतंत.

वाळूतल्या बारीक माश्या मात्र खोट्या नाहीत. आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईंचे पाय फोडांनी भरलेत. मी खुर्चीवर, मोजे चढवून, मलम फासून बसते, त्यामुळे इथे अजून एकही चावा नाही.

आज संध्याकाळपासून डोळ्यांच्या मागे थोडं दुखतंय. उन्हाने असेल. काळजी करू नका, आणि जेवण वेळेवर घ्या. तुमची माया मला इथेही पुरते.

तुमची,
प्रिती


अंदमान, ११ नोव्हेंबर, सकाळ

ती. दादांस,
हितेंद्रचा जयभीम.

तुम्हाला घाबरवायचं नाही, पण लपवणंही बरं नव्हे. प्रितीला काल पहाटेपासून ताप आहे. एकशे तीनपर्यंत जातो. अंग इतकं दुखतं की कूस बदलताना रडते.

इथल्या डॉक्टरांनी कुठे डास चावले का असं विचारलं. मी सांगितलं की आम्ही येऊन तीनच दिवस झालेत आणि तिला इथे काहीच चावलेलं नाही. त्यांनी विचारलं, त्याआधी कुठे होतात? मी म्हणालो, ती आठवडाभर तिच्या वडिलांकडे होती, आणि माझे सासरे कीटकनाशक खात्यातले, त्यांच्या घरात डास शक्यच नाही. तेव्हा ते म्हणाले की मग दोन दिवस वाट पाहू, प्रवासाचा ताप असेल. माझ्याजवळ अंगदुखीची एक जोराची गोळी आहे, तिचे हाल बघवत नाहीत म्हणून दुपारी ती देईन म्हणतो.

तुमचा लोभ आणि सल्ला दोन्ही हवेत.

हितेंद्र


घोडपदेव, ११ नोव्हेंबर, दुपार

हितेंद्रराव,

ती गोळी देऊ नका. आधी हे वाक्य वाचा आणि मग पुढचं. डेंग्यू असेल तर त्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच.

आत्ता डॉक्टरांकडे जा आणि सांगा की सासऱ्यांच्या घरात डास नाहीत हे मी चुकीचं बोललो. तुमचं पत्र वाचून मी बोटांवर दिवस मोजले. चावल्यावर ताप यायला चार-पाच दिवस तरी लागतात, म्हणजे चावा बेटावरचा नव्हे, इथला. मी बॅटरी घेऊन गॅलरीत गेलो. जादा पिंपावर फडकं बांधलं होतं, ते मधोमध खचून पाण्याला टेकलं होतं. खाली अळ्या वळवळत होत्या. बाकीची पिंपं मी दर गुरुवारी घासली. हे प्रितीचं पाणी म्हणून ओतवलं नाही. त्यात भिंतीपलीकडचा दौलत गेल्या महिन्यात तापाने आठ दिवस पडून होता, हे मला ठाऊक होतं.

खोटं लिहीत नाही, पिंप उपडं करायला मी हात घातला होता. पाणी मोरीत गेलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मग तिचं गेल्या वेळचं तोंड आठवलं. डॉक्टरांना माझं नाव घेऊन सांगा, घरात अळ्या सापडल्या. आजच तपासणी करा.

बाबुराव


पोर्ट ब्लेअर, १२ नोव्हेंबर

ती. दादांस,

डेंग्यूच निघाला. काल संध्याकाळी बोटीने इकडे मोठ्या इस्पितळात आणलं. प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या आहेत आणि अजून उतरतील म्हणतात. बाळाचे ठोके लागतात. तुमचं पत्र आलं तेव्हा गोळी माझ्या हातात होती.

माझी आई म्हणते, बाळंतपण आता घोडपदेवला नको. मला आज तुमच्यावर राग आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

हितेंद्र


घोडपदेव, १४ नोव्हेंबर

चि. प्रिती हिस,
आशीर्वाद.

दोन दिवस तुमच्याकडून ओळ नाही. रुपालीचा मोबाइल मी तासातासाला मागतो, ती बिचारी दर वेळी उघडून दाखवते. जेवण जात नाही. तू वाचशील तेव्हा वाच.

काल गुरुवारी खात्यात जाऊन मी माझ्याच घराची तक्रार लिहून दिली. पिंप तोवर घट्ट झाकून ठेवलं होतं. तपासणीला अजित आला, ज्याला मी शिडी धरायला शिकवलं तोच. अळ्या पाहून मान खाली घातली आणि म्हणाला की दादा, पिंप ओता आणि विसरा, तुमच्या दारावर नोटीस मी लावणार नाही. मग मीच खळ केली आणि चिकटवली. सगळी चाळ येऊन वाचून गेली. दौलतच्या घरच्यांचंही रक्त तपासून घेतलं.

बकुळा होती तोवर डास गुणगुणला की ती मला सांगायची. आता घरात ऐकणारं कुणी नाही, आणि मी मात्र घमेंडीत राहिलो. बाळंतपण सासरीच कर, हितेंद्ररावांच्या आईंचं खरं आहे. मी रागावणार नाही. फक्त तू बरी आहेस एवढं कळव.

दादा


पोर्ट ब्लेअर, १९ नोव्हेंबर

ती. दादांस,
प्रितीचा सप्रेम जयभीम.

आज स्वतःच्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर हसू नका. ताप उतरून पाच दिवस झाले. प्लेटलेट एकवीस हजारांपर्यंत उतरल्या होत्या, आता लाखाच्या वर आहेत. काल सोनोग्राफीत बाळाने अशी लाथ झाडली की डॉक्टरही हसले. ते म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

आता माझं ऐका. मी घरात मोजे का घालत होते? पहिल्याच दुपारी तुमच्या घरात मला घोट्यांना चावे आले होते. डास दिसलाही होता, पट्ट्यांचा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच क्षणी बॅटरी घेऊन उठला असतात. पण तीस वर्षं ज्या गोष्टीवर तुम्ही मान ताठ ठेवलीत तिला माझ्या तोंडून धक्का नको, म्हणून मी गप्प बसले. बाळापेक्षा तुमचा मान जपायला गेले. तेव्हा दोष वाटायचाच असेल तर अर्धा माझा आहे, तो मला द्या.

हितेंद्रचा राग ओसरलाय. तुमचं ते पत्र त्याने पाकिटात घडी करून ठेवलंय. सासूबाईंशी मी बोलले. फेब्रुवारीत मी घोडपदेवलाच येणार. जादा पिंप भरायचं नाही, मला एक बादली पुरते. आणि नोटीस दारावरून काढू नका, मला वाचायची आहे.

घरात डास दिसला तर या वेळी मी ओरडेन. तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडेन. माया तेवढी आहे तशीच असू द्या.

तुमची,
प्रिती